विद्यापीठात पहिल्या आलेल्या कमलाचा अर्ज नोबेलविजेत्याने नाकारला, पण ती तिथून हलली नाही

साल होतं १९३३.

मुंबई विद्यापीठाचा बी.एस्सी.चा निकाल लागला. मुख्य विषय रसायनशास्त्र, दुय्यम विषय भौतिकशास्त्र. गुणवत्ता यादीत सगळ्यात वरचं नाव होतं कमला भागवत.

आता पुढे काय, हा प्रश्न या घरात पडायचं काही कारणच नव्हतं. कमलाचे वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही रसायनशास्त्रज्ञ. दोघंही बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. तेव्हा लोक तिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणायचे, कारण जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून आणि देणगीतून १९०९ मध्ये ती उभी राहिली होती. देशात विज्ञानाचं संशोधन करायचं तर यापेक्षा मोठं दार नव्हतं. वडील आणि काका ज्या दारातून आत गेले, त्याच दारातून आपणही जायचं, हे कमलाने लहानपणापासून धरून ठेवलेलं.

तिने अर्ज केला. मार्क होते, विषय योग्य होते, घरात परंपरा होती.

उत्तर आलं, प्रवेश मिळणार नाही.

कारण काय? तर अर्जदार मुलगी आहे.

आज कंपन्यांच्या मुलाखतींना वैतागलेल्या पोरापोरींना हा प्रकार ओळखीचा वाटेल. चार फेऱ्या होतात, कामाचं सगळं येत असतं, आणि नकार भलत्याच गोष्टीवरून येतो. कधी तर कारणही कळत नाही. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांच्या आयुष्यात असे दोन नकार आले. एक अगदी सुरुवातीला, तोंडावर. दुसरा जवळपास तीस वर्षांनी, आणि तो कुणी कधी बोलूनही दाखवला नाही.

समोर होते सर सी. व्ही. रामन

कमलाचा अर्ज नाकारणारा माणूस साधासुधा नव्हता. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलेले. १९३३ मध्येच ते या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले होते. सगळ्या देशाला त्यांचा अभिमान होता आणि त्यांच्या शब्दापुढे जायची कुणाची टाप नव्हती.

नारायणराव आणि माधवराव या दोघांनी रामन यांना समजावून पाहिलं. दोघं संस्थेचे जुने विद्यार्थी, त्यामुळे शब्दाला थोडं वजन असेल असं वाटलं होतं. पण रामन आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. संस्थेत मुली घ्यायच्या नाहीत, एवढंच.

इथे बहुतेकांनी दुसरा रस्ता धरला असता. एखाद्या कॉलेजात एम.एस्सी. केलं असतं, शिकवायची नोकरी पाहिली असती. त्या काळात मुलगी बी.एस्सी. झाली हीच मोठी गोष्ट होती.

पण कमला वाढली होती गांधीजींच्या चळवळीच्या काळात. मिठाचा सत्याग्रह होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. शिवाय घराचं पाणीही वेगळंच. तिची मोठी बहीण म्हणजे दुर्गा भागवत. पुढे १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ज्यांनी आणीबाणीविरुद्ध आवाज उठवला आणि तुरुंगवास पत्करला, त्याच दुर्गाबाई. थोडक्यात, नाही म्हटलं म्हणून गप्प बसायची रीत या बहिणींना ठाऊक नव्हती.

कमला थेट बंगळूरला पोचली आणि रामन यांच्यासमोर उभी राहिली. मुलींना प्रवेश द्यायचा नाही असा नियम कुठे लिहिला आहे, हा तिचा साधा प्रश्न होता. तसा नियम नसेल तर आपल्याला का घेत नाही, ते सांगा. आणि कारण सांगणार नसाल तर आपण इथेच सत्याग्रह करू.

नियम नव्हताच. त्यामुळे उत्तरही नव्हतं.

शेवटी रामन तयार झाले. पण सरळ प्रवेश दिला नाही.

प्रवेश मिळाला, पण अटी घालून

पहिली अट, वर्षभर तिला नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नाही. वर्ष संपल्यावर तिचं काम पाहून संचालकांचं समाधान झालं तरच ते काम मान्य होईल. दुसरी अट, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि तिसरी अट सगळ्यात बोचरी. तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे तिथल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये.

आजच्या भाषेत याला प्रोबेशन म्हणतात. फरक इतकाच, की प्रोबेशन सगळ्यांना असतं. इथे ते फक्त एकीसाठी होतं. बाकीच्या मुलांनी काय करायचं ते त्यांच्या कामावरून ठरणार होतं. कमलाने मात्र आधी हे सिद्ध करायचं होतं की तिच्या असण्याने काही बिघडत नाही.

तिने अटी मान्य केल्या. पण हा अपमान ती विसरली नाही. पन्नासहून जास्त वर्षांनी, स्त्री शास्त्रज्ञांच्या एका कार्यक्रमात बोलताना त्यांनी ही गोष्ट स्वतः सांगितली. रामन शास्त्रज्ञ म्हणून किती मोठे होते हे मान्य करूनच, त्यांच्या मनाचा कोतेपणाही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे बोलून दाखवला. नोबेलविजेत्याकडूनही अशी वागणूक मिळत असेल, तर त्या काळच्या बाकीच्या बायकांनी कुणाकडे बघायचं, असा त्यांचा सवाल होता.

नशीब एका बाबतीत चांगलं निघालं. तिला मार्गदर्शक मिळाले एम. श्रीनिवासय्या. कडक शिस्तीचे, कामात जराही सूट न देणारे. पण त्यांची शिस्त कामापुरती होती. त्यांना एवढंच बघायचं होतं की प्रयोग नीट झाला का, नोंदी नीट ठेवल्या का, वाचन केलं का. या कसोटीची कमलाला भीती नव्हती. उलट तिला हीच कसोटी हवी होती.

तिने विषय घेतला दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांचा. ज्या देशात बहुतेकांच्या ताटात मांस-मच्छी रोज येत नाही, तिथे अंगाला प्रथिनं मिळणार ती डाळीतून आणि दुधातून. त्या प्रथिनांची रचना कशी आहे, त्यातलं किती पचतं, हे कळणं म्हणजे गरिबाच्या जेवणाचा हिशोब कळणं होतं.

वर्ष संपलं. रामन यांनी काम पाहिलं आणि समाधान झाल्याचं मान्य केलं. कमलाला जीवरसायनशास्त्रात नियमित संशोधनाची परवानगी मिळाली. १९३६ मध्ये तिने आपला प्रबंध मुंबई विद्यापीठाला सादर केला आणि एम.एस्सी. पदवी विशेष गुणवत्तेसह मिळवली.

आणि त्या वर्षानंतर संस्थेचं दार मुलींसाठी उघडलं. पुढे रामन यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतही मुली आल्या. अ‍ॅना मणी त्यांपैकीच एक, ज्यांनी नंतर भारतीय हवामान खात्यात मोजमापाची उपकरणं देशातच बनवण्याचं मोठं काम केलं. अर्थात दार उघडलं म्हणजे वाट सोपी झाली असं नाही. अ‍ॅना मणींनी रामन यांच्याकडे वर्षानुवर्षं संशोधन करून प्रबंध लिहिला, पण एम.एस्सी.ची पदवी नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही.

केंब्रिजमध्ये एकाने आपलं टेबलच दिलं

कमलाला मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या आणि १९३७ मध्ये ती इंग्लंडला केंब्रिजला पोचली.

तिथे पोचल्यावर पुन्हा तेच, जागेचा प्रश्न. पण या वेळी अनुभव अगदी उलटा आला. डॉ. डेरिक रिश्टर नावाच्या शास्त्रज्ञाने तिला स्वतःच्या प्रयोगशाळेतलं टेबल देऊ केलं. दिवसा त्या टेबलावर कमला काम करणार आणि रात्री रिश्टर. ना वेगळ्या अटी, ना वर्षभराची परीक्षा. एका शास्त्रज्ञाला दुसऱ्याच्या कामाची किंमत कळली आणि त्याने जागा करून दिली, बस्स.

रिश्टर दुसरीकडे गेल्यावर कमलाने रॉबिन हिल यांच्याबरोबर काम सुरू केलं. हिल वनस्पतींवर संशोधन करत होते. कमला बटाट्यावर काम करत होती. त्या कामात तिला वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी हा घटक सापडला.

हे नेमकं काय आहे? प्रत्येक सजीव पेशीला जगायला ऊर्जा लागते. अन्नातून ती ऊर्जा मोकळी करण्याचं काम पेशीत पायरी-पायरीने चालतं आणि त्यात इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे हातोहात दिले जातात. विहिरीवर माणसांची रांग लावून घागरी पुढे सरकवाव्यात तसं. सायटोक्रोम सी हे या रांगेतलं एक प्रथिन. प्राण्यांच्या पेशींत ते असतं हे माहीत होतं. ते झाडांमध्येही आहे, म्हणजे माणसाच्या आणि बटाट्याच्या पेशी एका पातळीवर सारख्याच पद्धतीने श्वास घेतात, हे या कामातून पुढे आलं. हिल आणि भागवत या दोन नावांनी १९३९ मध्ये हे संशोधन नेचर या विज्ञानपत्रिकेत छापून आलं.

पुढे तिला शिष्यवृत्तीवर सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्याकडेही काम करता आलं. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ मध्ये नोबेल मिळालेले ते हॉपकिन्स.

केंब्रिजला पोचल्यापासून साधारण चौदा महिन्यांत तिचा पीएच.डी.चा प्रबंध तयार झाला. टंकलिखित पानं फक्त चाळीस! हजार पानांचे ठोकळे लिहिणाऱ्यांच्या पंक्तीत चाळीस पानं. पण तेवढ्यात जे सांगायचं ते सांगून झालं होतं आणि १९३९ मध्ये तिला पीएच.डी. मिळाली.

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला अशी कमला सोहोनींची ओळख सगळीकडे दिली जाते. पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्येच डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली होती. पदव्यांची नावं वेगळी असल्याने दोघींच्या नावापुढे पहिली हा शब्द लागतो.

दुसरी गोष्ट केंब्रिजची. हे विद्यापीठ स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने, सगळ्या हक्कांसह पदवी द्यायला लागलं ते १९४८ मध्ये. त्याआधी त्यांना पदवीचं नाव मिळायचं, विद्यापीठाच्या कारभारात मत मात्र नाही. म्हणजे बंगळूरच्या दारावरची पाटी तिथेही होती, फक्त अक्षरं जरा बारीक होती.

मायदेशी परत, आणि वाशिमच्या शेतापर्यंत पोचणारं काम

१९३९ मध्ये डॉ. कमला भागवत भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सुरू होत होता, तिथे त्या प्रमुख झाल्या. मग निलगिरीतल्या कुन्नूरला पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक झाल्या. जीवनसत्त्वांवर काम केलं. पण तिथे पुढे सरकायची वाट दिसेना.

१९४७ मध्ये त्यांचं लग्न मा. वि. सोहोनी यांच्याशी झालं. ते विमा क्षेत्रातले गणिती होते. कमलाबाई मुंबईला आल्या. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने उघडत होता. सरकारने प्राध्यापकपदासाठी अर्ज मागवले. कमलाबाईंनी अर्ज केला आणि त्यांची निवड झाली.

इथून पुढची वीसेक वर्षं त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जे काम केलं, ते थेट लोकांच्या ताटाशी जोडलेलं होतं.

आधी डाळींचं बघू. कच्च्या कडधान्यांत काही प्रथिनं अशी असतात, जी आपल्या पोटातल्या ट्रिप्सिन नावाच्या पाचकरसाला काम करू देत नाहीत. परिणाम असा, की दाण्यात प्रथिनं भरपूर, पण खाणाऱ्याच्या अंगी लागत नाहीत. कमलाबाईंनी आपल्याकडच्या धान्य-कडधान्यांतल्या या अडथळा आणणाऱ्या घटकांचा पद्धतशीर अभ्यास केला. नीट शिजवलं की यांतले बरेच घटक निष्प्रभ होतात. आज वाशिम जिल्ह्यातल्या शिवारात खरिपात जिकडे बघाल तिकडे सोयाबीन आणि तूर दिसते. सोयाबीनमध्ये प्रथिनं रग्गड, तरी कुणी कच्चे दाणे खात नाही आणि जनावरांनाही सोयाबीनची पेंड उष्णतेची प्रक्रिया करूनच देतात. त्यामागचं मोठं कारण हेच.

दुसरं काम नीरेचं. ताडा-माडाच्या झाडाला रात्री मडकं बांधून पहाटे जो गोड रस उतरवतात, ती नीरा. ऊन चढलं की ती आंबते आणि तिची ताडी होते. तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी सुचवल्यावरून कमलाबाईंनी नीरेतल्या पोषक घटकांवर संशोधन हाती घेतलं. नीरेत जीवनसत्त्वं आणि लोह चांगल्या प्रमाणात असतं आणि त्यापासून गूळ केला तरी त्यातलं बरंच टिकतं, असं त्यांना आढळलं. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांच्या तब्येतीत सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला.

तिसरं काम दुधाचं. मुंबईच्या आरे दूध योजनेला दूध नासू नये आणि त्याचा दर्जा टिकावा यासाठी त्यांनी शास्त्रीय सल्ला दिला. मुंबईकराच्या दारात सकाळी आलेल्या बाटलीमागे त्यांचंही थोडं डोकं होतं, हे फार थोड्यांना माहीत असेल.

दुसरा नकार, जो कुणी दिलाच नाही

एवढं सगळं झाल्यावर एक गोष्ट सरळ व्हायला हवी होती. ज्या संस्थेत कमलाबाईंनी विभाग उभा केला, विद्यार्थी घडवले, राष्ट्रपती पुरस्कार आणला, त्या संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांचं नाव स्वाभाविक होतं.

पण तसं झालं नाही. संस्थेतल्या अंतर्गत राजकारणामुळे तब्बल चार वर्षं हे पद त्यांच्यापासून लांब ठेवलं गेलं.

या वेळी समोर कुणी रामन नव्हते. १९३३ मध्ये कमला बंगळूरला जाऊन थेट विचारू शकली होती, कारण नकार देणारा माणूस माहीत होता, त्याचं कारण माहीत होतं आणि कारण खोटं पाडता येत होतं. अटी अपमानाच्या होत्या, पण त्या तोंडावर सांगितल्या होत्या. एका वर्षाची मुदत होती. वर्ष भरलं, काम दाखवलं, प्रश्न मिटला.

तीस वर्षांनी हे सगळं बदललं होतं. स्वातंत्र्य आलं होतं, राज्यघटना आली होती, सरकारी नोकरीत स्त्री-पुरुष भेद करायचा नाही असं लिहिलं गेलं होतं. उघडपणे बाई म्हणून नाही, असं म्हणायची सोय कुणाला उरली नव्हती. त्यामुळे कुणी नाही म्हणतच नव्हतं. नुसतं हो म्हणायचं लांबत होतं. अशा नकारापुढे सत्याग्रहाला बसायचं तरी कुणाच्या दारात?

वर्षानुवर्षं पात्रता असून ऑर्डर निघत नाही, आज-उद्या करत फाईल फिरते, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना यातली चीड वेगळी सांगायला नको. पहिल्या नकाराने कमलाचं एक वर्ष परीक्षेवर लावलं होतं. दुसऱ्याने कमलाबाईंची चार वर्षं घेतली, तीही निवृत्ती जवळ आलेली असताना.

अखेर त्या संचालक झाल्या. १९६९ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी संस्था सांभाळली. इतक्या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या प्रमुखपदी एक महिला बसली, याचं कौतुक करणाऱ्यांत केंब्रिजचे डेरिक रिश्टरही होते. तेच, ज्यांनी आपलं टेबल दिलं होतं.

निवृत्तीनंतरही प्रयोग चालूच

१९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संस्था काढली. ग्राहक संरक्षण कायदा यायला तेव्हा अजून वीस वर्षं होती. कमलाबाई या कामात पहिल्यापासून होत्या आणि १९८२-८३ मध्ये संस्थेच्या अध्यक्षही झाल्या. अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखायची, खाताना काय जपायचं, हे त्या संस्थेच्या कीमत या मासिकातून सोप्या भाषेत लिहीत राहिल्या. मराठीतही त्यांनी आहार आणि विज्ञानावर लिहिलं.

आणि मग बरीच वर्षं त्या विस्मरणात गेल्या.

१९९० च्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रमुख डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना कमलाबाईंच्या कामाची माहिती कळली. आपल्याच देशात, आपल्याच क्षेत्रात इतकं काम केलेली बाई हयात आहे आणि तिचा साधा सत्कारही झालेला नाही, हे त्यांना खटकलं. त्यांनी दिल्लीत कमलाबाईंच्या सन्मानाचा कार्यक्रम ठेवला. ऐंशी ओलांडलेल्या कमलाबाई त्यासाठी गेल्या. कार्यक्रम चालू असतानाच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात, १९९८ मध्ये, त्यांचं निधन झालं.

१८ जून २०२३ रोजी गूगलने त्यांच्या जन्मदिनी डूडल केलं, तेव्हा लाखो लोकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा वाचलं. मान्यता पुन्हा एकदा उशिराच आली होती.

बंगळूरला ज्या संस्थेत मुलीमुळे वातावरण बिघडेल अशी धास्ती होती, तिथे आज प्रयोगशाळा चालवणाऱ्या, विभाग सांभाळणाऱ्या कितीतरी महिला आहेत. त्यांच्यापैकी कुणालाही आत जाण्यासाठी अशी अट मान्य करावी लागली नाही. एका बावीस वर्षांच्या मराठी मुलीने ती आधीच मान्य करून, वर्षभर राबून, मोडीत काढली होती.